कोव्ह फोर्ट २२००

अमेरिकेच्या पूर्वेला, बाल्टिमोर शहराच्या पश्चिम वेशीजवळ, हमरस्त्याच्या कडेला एक हिरवी पाटी आहे. तिच्यावर चार नावं आणि चार आकडे आहेत: कोलंबस ४२०, सेंट लुईस ८४५, डेन्व्हर १७००, कोव्ह फोर्ट २२००. आकडे मैलांचे. पहिली तीन शहरं शाळेच्या नकाशातसुद्धा सापडतात. चौथं नाव वाचून मात्र अमेरिकन माणूसही बुचकळ्यात पडतो. कोव्ह फोर्ट हे शहर नाही, गाव म्हणावं तर तेही नाही. युटा राज्यातल्या ओसाड मुलखात मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८६७ साली वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली ती एक दगडी गढी आहे. तिच्या जवळ दोन महामार्गांचा तिठा आहे, आणि बाल्टिमोरहून निघालेला रस्ता त्या तिठ्यावर संपतो.

या रस्त्याचं नाव इंटरस्टेट ७०. बोलताना सगळे त्याला ‘आय-सत्तर’ म्हणतात. दहा राज्यांतून जाणारा, सुमारे २,१५० मैलांचा, म्हणजे जवळपास ३,४६० किलोमीटरचा हा रस्ता. पाटीवरचा २२०० हा गोळाबेरीज आकडा आहे. एवढा मोठा रस्ता एका बाजूला समुद्र गाठत नाही, आणि दुसऱ्या बाजूला एकही मोठं शहर न गाठता वाळवंटी डोंगरात थांबतो. असं का, याचं उत्तर भूगोलात थोडं आणि माणसांच्या निर्णयांत पुष्कळ आहे. नदीचा उगम डोंगर ठरवतो. रस्त्याचा उगम आणि शेवट कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला असतो, आणि कधीकधी कुणीतरी रस्त्यावर उतरून तो बदलायला लावलेला असतो.

आधी हे जाळं समजून घेऊ. १९१९ साली अमेरिकन लष्कराचा वाहनांचा एक ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. पोहोचायला ६२ दिवस लागले. रस्ते म्हणजे कुठे चिखल, कुठे वाळू, कुठे मोडके पूल. त्या ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनीचे रुंद महामार्ग पाहिले, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, २९ जून १९५६ रोजी, रुग्णालयात असतानाच महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं जाळं उभारायचं, त्यातला ९० टक्के खर्च केंद्राने आणि १० टक्के राज्यांनी करायचा, असं ठरलं. या जाळ्याच्या पूर्ण नावात ‘आंतरराज्य’ या शब्दाच्या जोडीला ‘संरक्षण’ हाही शब्द होता. तो लक्षात ठेवा, कोव्ह फोर्टला पोहोचल्यावर त्याची गरज पडेल.

‘इंटरस्टेट’ म्हटलं की दोन राज्यांना जोडणारा रस्ता असं आपण समजतो. पण मेरीलँडमधला आय-९७ एकाच जिल्ह्यात सुरू होऊन त्याच जिल्ह्यात संपतो, आणि हवाई बेटांवरच्या इंटरस्टेटला तर शेजारी राज्यच नाही. रस्ता कोणत्या योजनेतून आणि कोणत्या मापाने बांधला हे त्या शब्दातून कळतं, तो कुठे जातो हे कळत नाही. आणखी एक गोष्ट: केंद्राने पैसे दिले तरी रस्ते मालकीचे राज्यांचे. पाट्या लावतात तीही राज्यंच. म्हणून एकाच रस्त्यावर राज्य बदललं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आता क्रमांकांकडे येऊ. हा भाग मला फार आवडतो, कारण एकदा किल्ली हाती आली की नकाशा न उघडता आपण कुठे आहोत हे कळू लागतं. सम आकड्यांचे रस्ते पूर्व-पश्चिम, विषम आकड्यांचे दक्षिणोत्तर. दक्षिणेकडून उत्तरेकडे सम आकडे वाढत जातात: आय-१० मेक्सिकोच्या सीमेच्या बाजूला, आय-९० कॅनडाच्या बाजूला. विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात: आय-५ पॅसिफिकच्या काठाने, आय-९५ अटलांटिकच्या काठाने. शेवटी शून्य किंवा पाच असेल तर तो सहसा लांब पल्ल्याचा प्रमुख रस्ता. याआधी १९२६ साली अमेरिकेत जुन्या राष्ट्रीय रस्त्यांना क्रमांक दिले होते, आणि त्यांची वाढ उत्तरेकडून दक्षिणेकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे होती. एकाच राज्यात एकाच क्रमांकाचे दोन रस्ते येऊ नयेत म्हणून नव्या जाळ्याची दिशा मुद्दाम उलटी ठेवली. तरी मध्यावर दोन्ही मोजण्या एकमेकींना भेटणारच होत्या. म्हणून आय-५० आणि आय-६० हे रस्तेच नाहीत.

आपल्याकडे २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हा नियम नेमका उलटा ठेवला गेला: दक्षिणोत्तर जाणारे सम, पूर्व-पश्चिम जाणारे विषम. पनवेलहून कोकण-गोव्याच्या अंगाने कन्याकुमारीला जाणारा रस्ता म्हणून ६६. तो पूर्वी १७ क्रमांकाचा होता आणि केरळात एडापल्लीला संपायचा. म्हणजे आपल्या ओळखीच्या मुंबई-गोवा रस्त्याचाही शेवट कागदावर शेकडो किलोमीटर पुढे सरकलेला आहे. तीन आकड्यांचा क्रमांक म्हणजे फाटा, ही पद्धत दोन्हीकडे सारखी. रत्नागिरीहून कोल्हापूरमार्गे सोलापूरकडे जाणारा १६६ हा ६६चा फाटा.

अमेरिकेत या तीन आकड्यांतल्या पहिल्या आकड्यालाही अर्थ असतो. तो विषम असेल तर रस्ता मुख्य मार्गापासून निघून कुठेतरी शहरात शिरून थांबणारा, सम असेल तर शहराला वळसा घालणारा किंवा दोन महामार्गांना जोडणारा. गंमत अशी की हे आकडे प्रत्येक राज्यात पुन्हा वापरता येतात. आपल्या पाटीवरच्या कोलंबस, सेंट लुईस आणि डेन्व्हर या तिन्ही शहरांत एकेक आय-२७० आहे. आणि बाल्टिमोरच्या पश्चिमेला फ्रेडरिकहून वॉशिंग्टनकडे जाणाराही आय-२७०च. हा चौथा एकेकाळी आय-७०चीच दक्षिण शाखा होता. बाल्टिमोरची शाखा उत्तर, वॉशिंग्टनची दक्षिण. पुढे अशी अक्षरं जोडलेले क्रमांक प्रवाशांना गोंधळात टाकतात म्हणून काढून टाकले, आणि बाल्टिमोरचा फाटा हाच खरा आय-७० ठरला. म्हणजे या रस्त्याचं पूर्वेचं टोक कोणतं, हा प्रश्नसुद्धा काही काळ दुहेरी होता.

मैलांच्या पाट्यांचा नियम सोपा आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यावर प्रत्येक राज्याच्या पश्चिम हद्दीवर शून्य, आणि पूर्वेकडे जाताना आकडा वाढत जातो. दक्षिणोत्तर रस्त्यावर शून्य दक्षिणेला. बहुतेक राज्यांत बाहेर पडायच्या वाटांचे क्रमांकही याच मैलांवरून ठरतात. ‘एक्झिट ३२’ नंतर ‘एक्झिट ४७’ आला, तर मधल्या चौदा वाटा हरवलेल्या नसतात. दोघांत पंधरा मैलांचं अंतर असतं. पेट्रोलचा काटा खाली आलेला असताना या नियमाची किंमत कळते. युटामध्ये आय-७०चा शून्य मैल कोव्ह फोर्टला आहे. तिथून पूर्वेला २३२ मैलांवर कोलोरॅडो लागतं आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते.

कोलोरॅडोच्या पूर्व भागात, स्ट्रॅटन गावाजवळ, ४२०व्या मैलाची पाटी सारखी चोरीला जायची. आपल्याकडे चारशेवीस म्हणजे लबाड माणूस. जुन्या दंडसंहितेचं फसवणुकीचं कलम ते, आणि दंडसंहिता बदलली तरी शब्द तोंडातून गेलेला नाही. अमेरिकेत तोच आकडा गांजा ओढणाऱ्यांची खूण आहे. पाटी पुन्हा लावली की पुन्हा गायब. शेवटी राज्याच्या रस्ते खात्याने ४२० काढून ४१९.९९ अशी पाटी लावली. मैलाची जागा शतांशाने सरकवणारा असा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही. आय-४०च्या पूर्व टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनजवळ, ‘बार्स्टो, कॅलिफोर्निया २,५५४’ अशी पाटी होती. तीही इतक्यांदा चोरीला गेली की २००९ साली खात्याने ती परत लावायचं सोडून दिलं. पश्चिमेला बार्स्टोहून निघताना विल्मिंग्टनचं तेवढंच अंतर सांगणारी पाटी लावलेली आहे. रस्त्याचं दुसरं टोक नावानिशी सांगणारी पाटी माणसाला घरी न्यावीशी वाटते, यात मला चोरीइतकंच कुतूहलही दिसतं.

पाट्यांचा हिरवा रंग आज इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणीतरी निवडला असेल असं वाटत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यावर खरोखर वाद होता. केंद्रीय महामार्ग प्रशासक बर्ट्रम टॅलमी यांना गडद निळा हवा होता. त्यांना रंगांधळेपणा होता, हेही इथे नोंदवायला हवं. राज्यांच्या अभियंत्यांना हिरवा हवा होता. वाद मिटवायला मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्टजवळच्या, अजून खुल्या न झालेल्या रस्त्यावर हिरवी, निळी आणि काळी अशा तीन पाट्या उभ्या केल्या. पाट्यांवर ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘युटोपिया’ अशी काल्पनिक गावं लिहिली. चालकांना ताशी ६५ मैल वेगाने त्यांच्यासमोरून जायला सांगितलं आणि मग कौल घेतला. ५८ टक्क्यांनी हिरवा पसंत केला, २७ टक्क्यांनी निळा, १५ टक्क्यांनी काळा. हिरवा ठरला. निळा रंग पुढे जेवण, पेट्रोल, रुग्णालय अशा सोयींच्या पाट्यांना मिळाला, तपकिरी उद्यानं आणि प्रेक्षणीय जागांना, पिवळा इशाऱ्याला, नारिंगी दुरुस्तीच्या कामाला. चालकाला अक्षरं वाचता येण्याआधी रंग कळतो, आणि वेगात जाणाऱ्या माणसाला तेवढे दोन क्षण पुरतात.

महामार्गाची ढालही अशीच स्पर्धेतून आली. राज्यांनी शंभराहून अधिक नमुने पाठवले. टेक्सासचे अभियंते रिचर्ड ऑलिव्हर यांच्या नमुन्यावरून आजची ढाल घडली: वर लाल पट्ट्यात ‘इंटरस्टेट’, खाली निळ्यावर पांढरा क्रमांक. राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने तिची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही केली आहे. ढालीच्या वर दिशा लिहिलेली असते, पूर्व किंवा पश्चिम. नव्याने तिकडे गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाला सुरुवातीला इथेच अडखळायला होतं. आपण रस्ता गावाच्या नावाने विचारतो, ‘नाशिकचा रस्ता कुठला?’ तिथे विचारायचं ‘सत्तर पश्चिम कुठे?’ आणि ही दिशा रस्त्याच्या एकूण प्रवासाची असते, चाकाखालच्या तुकड्याची नव्हे. कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ एकाच पट्ट्यावरून आय-८० पूर्व आणि आय-५८० पश्चिम हे दोन्ही जातात, आणि त्या वेळी गाडी प्रत्यक्षात उत्तरेकडे जात असते.

जागेच्या सुरुवातीइतकाच काळाच्या सुरुवातीचा प्रश्नही आय-७०वर येऊन मिळतो. या महाजाळ्याची पहिली कुदळ कुठे पडली? मिसुरी म्हणतं आमच्याकडे. १९५६च्या कायद्यानंतर पहिलं काम सेंट चार्ल्स जिल्ह्यात, आजच्या आय-७०वर सुरू झालं. कॅन्सस म्हणतं, पहिला पूर्ण झालेला तुकडा आमचा. टोपीकाच्या पश्चिमेचा तोही आय-७०चाच. पेनसिल्व्हेनिया म्हणतं, आमचा टोलरस्ता १९४० सालीच खुला होता, आणि आज आय-७० त्याच्यावरून जातो. तिघांचंही म्हणणं खरं आहे. ‘सुरुवात’ कशाला म्हणायचं एवढाच फरक. शेवटाचा मानही याच रस्त्याकडे जातो. कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड घळीत, कोलोरॅडो नदीच्या काठाने, १२ मैलांचा तुकडा घळीला इजा न करता बांधायचा होता. चाळीस पूल आणि उड्डाणपूल, सुमारे ४९ कोटी डॉलर खर्च, आणि ऑक्टोबर १९९२मध्ये तो खुला झाला. मूळ जाळं इथे पूर्ण झालं असं अनेक जण मानतात.

पेनसिल्व्हेनियात ब्रीझवूड नावाच्या वस्तीत मात्र हा महामार्ग अचानक महामार्ग राहतच नाही. सलग वेगाने आलेली गाडी उतरते, पेट्रोलपंप आणि हॉटेलांच्या गर्दीतून, लाल दिव्यांवर थांबत पुढे सरकते आणि मग टोलरस्त्यावर चढते. केंद्राच्या पैशातून बांधलेला बिनटोलचा रस्ता प्रवाशाला दुसरा पर्याय न ठेवता थेट टोलरस्त्यावर नेऊन सोडू शकत नाही, असा तेव्हाचा कायदा होता. कायदा पुढे बदलला. ब्रीझवूडचे दुकानदार, दिवे आणि रांगा तशाच राहिल्या.

आता पश्चिमेचं टोक. मूळ आराखड्यात आय-७० डेन्व्हरलाच थांबत होता. पुढे रॉकी पर्वताची भिंत होती, आणि ती फोडण्याचा खर्च कुणाला परवडणारा वाटत नव्हता. कोलोरॅडोचे गव्हर्नर एडविन जॉन्सन यांनी हट्ट धरला. १९५७ साली मंजुरी मिळाली, पण रस्ता न्यायचा कुठे? युटाच्या लोकांना वाटलं, सॉल्ट लेक सिटीला. लष्कराच्या नियोजकांना देशाच्या मध्यापासून दक्षिण कॅलिफोर्नियाकडे जाणारी जवळची वाट हवी होती. नावातला ‘संरक्षण’ हा शब्द इथे कामाला आला. रस्ता नैर्ऋत्येला वळला आणि दक्षिणोत्तर जाणाऱ्या आय-१५ला जिथे टेकला, ती जागा कोव्ह फोर्ट. त्या आडवळणाच्या गढीचं नाव बाल्टिमोरच्या पाटीवर येण्याचं कारण एवढंच.

या निर्णयाची किंमत डोंगरांनी वसूल केली. डेन्व्हरच्या पश्चिमेला समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंचीवर आयझेनहॉवर बोगदा खोदावा लागला. १९७३ साली त्याची पहिली नळी खुली झाली, दुसरी, जॉन्सन यांच्या नावाची, १९७९ साली. संपूर्ण इंटरस्टेट जाळ्यातली ही सर्वात उंच जागा. युटात सॅन राफाएलच्या खडकाळ पट्ट्यात तर आधी रस्ताच नव्हता. स्पॉटेड वुल्फ घळ सुरुंग लावण्याआधी इतकी अरुंद होती की माणसाने हात पसरले तर दोन्ही भिंती लागत. आजही ग्रीन रिव्हर ते सलाइना या शंभराहून अधिक मैलांत ना पेट्रोल, ना खाणं. पुणे-मुंबईपेक्षा लांब पल्ला, आणि वाटेत चहाची टपरीसुद्धा नाही. पुढे सोयी नाहीत हे सांगणारी पाटी तिथे लावलेली आहे, आणि प्रवाशाने ती गांभीर्याने घ्यावी.

पूर्वेचं टोक मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आय-७० बाल्टिमोरमध्ये शिरून, शहर ओलांडून आय-९५ला मिळायचा होता. वाटेत हजार एकरांहून मोठं ग्विन्स फॉल्स-लीकिन पार्क होतं, शहरातलं खरंखुरं जंगल. त्यापुढे पश्चिम बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या होत्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोक उभे राहिले. उद्यान वाचवायला एक गट, वस्त्या वाचवायला दुसरा. बंदरालगतचं जुनं फेल्स पॉइंट याच आराखड्यातल्या दुसऱ्या महामार्गाखाली जाणार होतं. ते वाचवायला बार्बरा मिकुल्स्की नावाची समाजसेविका पुढे आली. त्या लढ्यातून ती नगरपालिकेवर निवडून गेली आणि पुढे तीस वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसली. फेल्स पॉइंट वाचलं. उद्यानही वाचलं, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातून जाणारा आय-७० रद्द झाला.

सगळं वाचलं नाही. फ्रँकलिन आणि मलबेरी या रस्त्यांच्या मधला पट्टा आधीच पाडला होता: ९७१ घरं आणि ६२ दुकानं-व्यवसाय. तिथे दीड मैलही न भरणारा, जमिनीत खोल खणलेला महामार्ग बांधून झाला, पण ज्याला जोडायचा तो आय-७० कधी आलाच नाही. बाल्टिमोरचे लोक त्याला ‘कुठेच न जाणारा महामार्ग’ म्हणतात. जंगल वाचवणाऱ्यांचा विजय खरा आहे, तसा या घरांचा पराभवही खरा आहे. ज्यांची घरं गेली त्यांना रस्ताही मिळाला नाही, आणि हा अन्याय कोणत्याही पाटीवर लिहिलेला नाही.

आय-७० मग शहराच्या हद्दीवर, गाड्या लावून पुढे बस धरायच्या एका वाहनतळाशी थांबला. नंतर त्याचा क्रमांक आणखी मागे, शहराभोवतीच्या वर्तुळमार्गापर्यंत ओढून घेतला गेला. पण काँक्रीट अजून वाहनतळापर्यंत जातं. कधी बाल्टिमोरला गेलात तर तिथे गाडी लावा. तिथूनच ग्विन्स फॉल्सची पायवाट सुरू होते. ती धरा आणि झाडांत शिरून थोडं चाला. ज्या जमिनीवर तुमचे पाय असतील, तिथूनच हा रस्ता जायचा होता.